परतीची अट कोणाच्या हातात? हस्तक्षेप आणि अलिप्तता यांविषयी

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: शेजारच्या देशात यादवी, बंड किंवा लोकशाहीची गळचेपी चालू असताना भारताने हस्तक्षेप करावा, की तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे असे म्हणून दूर राहावे, आणि या दोहोंतला समतोल प्रत्यक्षात कसा साधला जातो? तिने पुढे असेही म्हटले आहे की, पाठ्यपुस्तकांत पंचशील (दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे हे ज्यातले एक आहे, ती पाच तत्त्वे) आणि १९७१ चे बांगलादेश युद्ध या दोन्हींचे सारख्याच अभिमानाने वर्णन असते, पण ती एकमेकांशी जुळतात कशी, हे कोणी सांगत नाही. तिची तक्रार रास्त आहे. परराष्ट्र सेवेत माझी तीस वर्षांहून अधिक नोकरी झाली आणि त्यातला बराच काळ शेजारी देशांच्या कामात गेला. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देत आहे. ते सरकारी भूमिकेशी जुळेलच असे नाही.

प्रथम 'समतोल' या शब्दाविषयी. तो ऐकला की एका पारड्यात हस्तक्षेप, दुसऱ्यात अलिप्तता आणि मध्ये काटा, असे चित्र डोळ्यांपुढे येते. फाईल समोर असलेल्या माणसापुढे मात्र असा तराजू कधीच नसतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शेजारी देशाला तातडीची मदत पाठवण्याविषयी मी एक टिपण तयार केले होते. विमाने कोणती, माल किती, उतरायचे कोठे, सोबत माणसे किती, असा सगळा तपशील त्यात होता आणि शेवटी 'परिस्थिती पूर्ववत होताच पथक परत येईल' असे एक गुळगुळीत वाक्य होते. माझ्या वरिष्ठांनी बाकी टिपणाला हात लावला नाही. 'पूर्ववत' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात त्यांनी एवढेच लिहिले: 'हे कोण ठरवणार?' पुढच्या सगळ्या नोकरीत मला याहून उपयोगी प्रश्न भेटला नाही. जावे की न जावे याच्याआधी हे पाहावे लागते की, ज्या अटीवर आपण परत येणार ती पूर्ण करणे आपल्या हातात आहे की दुसऱ्या कोणाच्या.

अलिप्ततेबद्दलचा एक घोटाळाही येथेच दूर केलेला बरा. नेहरूंच्या काळातले अलिप्ततेचे धोरण म्हणजे दार लावून घरात बसणे नव्हते. लष्करी गटांत सामील न होणे एवढाच त्याचा अर्थ होता; जगाच्या भांडणांत लक्ष न घालणे असा तो कधीच नव्हता. कोरियातील युद्ध थांबल्यावर मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या सुमारे बावीस हजार युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी जो तटस्थ देशांचा आयोग १९५३ मध्ये नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते, आणि कैदी ताब्यात ठेवण्यासाठी गेलेल्या पाच-सहा हजार भारतीय सैनिकांचे नेतृत्व आपल्या कोल्हापूरकडच्या शंकरराव थोरातांनी केले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी या सैन्याला आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे जाहीर केल्याने जवानांना हेलिकॉप्टरने थेट लष्करमुक्त पट्ट्यात उतरवावे लागले. काम अप्रिय होते आणि दोन्ही बाजू नाराज होत्या, पण करारातच मुदत लिहिलेली होती: कैद्यांची समजूत घालण्यासाठी नव्वद दिवस, आणि त्यानंतरच्या व्यवस्थेचेही दिवस ठरलेले. वाद मिटला नाही तरी मुदत संपली, आणि जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी परत सोपवून थोरातांचे सैन्य पुढच्या महिन्यात मायदेशी निघाले.

१९७१ कडे याच नजरेने पाहावे असे मला वाटते. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराची कारवाई सुरू झाली आणि त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली; त्रिपुरात तर निर्वासितांची संख्या मूळ लोकसंख्येच्या जवळ जाऊन पोहोचली होती. यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. या खर्चासाठी जे जादा कर बसवले गेले, त्यांतला एक आमच्या पिढीला अजून आठवतो: नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचे वेगळे तिकीट चिकटवावे लागे. म्हणजे पूर्व पाकिस्तानचा 'अंतर्गत प्रश्न' खेडोपाडीच्या पोस्टात येऊन बसला होता. तरीही मार्च ते डिसेंबर असे आठ महिने भारताने उघड युद्ध केले नाही. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या ओलांडता येत नाहीत आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बंद झाल्या की चीनकडून धोका कमी होतो, ही लष्करी कारणे प्रसिद्ध आहेत. त्या आठ महिन्यांत स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली मुक्तिवाहिनीला शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळत होते, ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला, आणि पंतप्रधान स्वतः युरोप-अमेरिकेच्या राजधान्या फिरून आल्या. त्या काळाला संयम म्हणावे की गुप्त हस्तक्षेप? खरे सांगायचे तर तो दोन्ही होता, आणि पंचशीलाच्या कसोटीवर तो उतरत नाही. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या बाजूने १०४ देशांनी मत दिले, विरोधात फक्त ११ जणांनी. जगाच्या मते आपण चूक करत होतो.

आणि तरीही ते धोरण निभावले, त्याचे कारण परतीच्या अटीत आहे. ढाक्यातले पाकिस्तानी सैन्य शरण येणे आणि निर्वासित घरी परतणे ही उद्दिष्टे होती. पहिले भारतीय सैन्याच्या आवाक्यात होते आणि पहिले साधले की दुसरे आपोआप साधणार होते. १६ डिसेंबरला शरणागती झाली. दुसऱ्याच दिवशी पश्चिम आघाडीवरही भारताने एकतर्फी युद्धबंदी केली. मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून निघाले, कारण मुजीबुर रहमान यांना ते लवकर जायला हवे होते आणि इंदिरा गांधींना ते मान्य होते. शरणागतीपासून तीन महिने. विजयाच्या कथा सांगताना हे तीन महिने आपण फारसे सांगत नाही. मला मात्र त्या युद्धातला सर्वांत शहाणा निर्णय तोच वाटतो.

आता श्रीलंका. तेथे हेच नेमके उलटे झाले आणि म्हणून ते सविस्तर पाहिले पाहिजे. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ तेरा सैनिक मारले गेल्यावर कोलंबोत तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या, आणि तमिळनाडूत निर्वासितांच्या होड्या येऊ लागल्या. भारताने एकीकडे मध्यस्थी सुरू केली आणि दुसरीकडे तमिळ गटांना आश्रय, शस्त्रे व प्रशिक्षण दिले. पुढे १९८७ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याची कोंडी केली तेव्हा भारताने रामेश्वरहून मदतीचे धान्य घेऊन होड्या पाठवल्या. श्रीलंकेच्या नौदलाने त्या परत फिरवल्या. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, पाच एएन-३२ विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफन्यावर सुमारे पंचवीस टन अन्नधान्य आणि औषधे टाकली. पंचवीस टनांनी जाफन्याचे पोट भरणार नव्हते, हे दिल्लीत आणि कोलंबोत सर्वांनाच ठाऊक होते. तो माल म्हणजे निरोप होता. बरेच अभ्यासक म्हणतात की भारताने १९८७ मध्ये दूर राहायला हवे होते. मला ते पटत नाही. दूर राहण्याचा पर्याय १९८७ मध्ये शिल्लकच नव्हता. १९८३ नंतरच्या चार वर्षांत तो आपण वापरून संपवला होता.

२९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सही केली. तो करार आजही वाचण्यासारखा आहे, विशेषतः त्यातले वेळापत्रक. सही झाल्यापासून ४८ तासांत लढाई थांबायची, आणि ती थांबल्यापासून ७२ तासांत तमिळ गटांनी शस्त्रे खाली ठेवायची. म्हणजे सगळा हिशेब पाच दिवसांचा. करारानंतर श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना परतली ती २४ मार्च १९९० रोजी, जवळजवळ बत्तीस महिन्यांनी. पाच दिवसांचे बत्तीस महिने का झाले, याचे उत्तर सह्यांच्या जागी सापडते: ज्यांनी शस्त्रे टाकायची त्यांतला सर्वांत बलाढ्य तमिळ गट म्हणजे लिट्टे, आणि त्याची करारावर सहीच नव्हती. लिट्टेचे प्रमुख प्रभाकरन यांना दिल्लीत आणून, हॉटेलात ठेवून त्यांची संमती मिळवल्याचे समजले गेले. ४ ऑगस्टला सुदुमलईच्या सभेत त्यांनी शस्त्रे देतो असे जाहीर केले खरे, पण ते नाइलाजाने देत आहोत हेही त्याच भाषणात सांगितले. दुसऱ्या बाजूला, तमिळ प्रांतांना अधिकार देण्याचे काम कोलंबोच्या संसदेचे होते. तेव्हा भारतीय सैन्याच्या परतीच्या दोन्ही अटी अशा दोन पक्षांच्या हातात होत्या, ज्यांना त्या पूर्ण करण्याची मनापासून इच्छा नव्हती, आणि करार पाळला जाईल याची हमी तेवढी आपण घेऊन बसलो होतो. विकतचे श्राद्ध घेऊन सव्यापसव्य, म्हणतात ते हेच.

निमंत्रण होते ना, असे विचारले जाते. होते, जयवर्धने यांनीच सैन्य मागितले, कारण दक्षिणेत करारावरून उसळलेल्या दंगली निपटण्यासाठी त्यांना उत्तरेतले आपले सैन्य मोकळे करून हवे होते. पण एका माणसाचे निमंत्रण हे देशाचे निमंत्रण नसते. त्यांचेच पंतप्रधान प्रेमदासा कराराच्या विरोधात होते आणि समारंभापासून दूर राहिले. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला तो साऱ्या जगाने पाहिला. वसईचा तह शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला हे फार उलगडून सांगायला नको: दुसऱ्या बाजीरावाने आपल्या गादीसाठी पत्करलेल्या तैनाती फौजेला शिंदे-होळकरांनी कधी पाहुणे मानले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये शांतिसेनेची लिट्टेशीच लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात लिट्टेचे नेतृत्व पकडण्यासाठी हेलिकॉप्टरने सैनिक उतरवण्यात आले. लिट्टेला बेतांचा सुगावा बिनतारी संदेशांतून आधीच लागला होता. विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मैदानावर १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जण उतरले आणि त्यानंतरची हेलिकॉप्टरे गोळीबारामुळे येऊ शकली नाहीत. त्या मोकळ्या मैदानावर सकाळपर्यंत लढून एकोणतीस जण मारले गेले. एक जण जखमी अवस्थेत कैद झाला. सहा आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतताना झालेल्या चकमकीत छातीत गोळी लागूनही लढत राहिले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मुंबईत जन्मलेला तमिळ अधिकारी महार पलटणीचे जवान घेऊन जाफन्यात तमिळ बंडखोरांशी लढला, आणि तेही तमिळांना न्याय मिळवून देण्यासाठी झालेल्या कराराच्या अंमलबजावणीत. या एका वाक्यात त्या मोहिमेची सगळी कोंडी आहे. अकराशेंहून अधिक जवान तेथे कामी आले.

१९८९ मध्ये प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि त्यांनी भारतीय सैन्याने निघून जावे अशी जाहीर मागणी केली; त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रेही दिली, ती शांतिसेना आणि तिच्या बाजूच्या तमिळ गटांविरुद्ध वापरण्यासाठी. शेवटच्या तुकड्या चेन्नईच्या बंदरात उतरल्या तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. पुढे लिट्टेने आधी राजीव गांधींचा आणि मग प्रेमदासांचाही जीव घेतला, हे सर्वांना माहीत आहे.

या बत्तीस महिन्यांच्या ऐन मध्यावर मालदीवची मोहीम झाली म्हणून तुलना सोपी होते. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी श्रीलंकेतून आलेल्या सुमारे ऐंशी भाडोत्री बंडखोरांनी माले ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेली हवाईदलाची विमाने ब्रिगेडियर फारुख बलसारा यांच्या छत्रीधारी सैनिकांना घेऊन हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. ओलिसांना घेऊन पळालेले जहाज 'गोदावरी' आणि 'बेतवा' या युद्धनौकांनी तीन दिवसांत गाठले. बहुतेक सैन्य लगेच परतले. बंडखोर पकडणे एवढेच काम होते आणि ते आपले आपण पूर्ण करता येण्यासारखे होते. मालदीवच्या राज्यघटनेत काय लिहायचे हे ठरवायला आपण गेलो नव्हतो.

सैन्य पाठवले नाही म्हणजे हस्तक्षेप झाला नाही, असेही समजू नये. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची नवी राज्यघटना जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी भारताचे परराष्ट्र सचिव काठमांडूला जाऊन मधेशींच्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या तराईतल्या लोकांच्या, मागण्यांचा विचार करा असे सांगून आले. घटना ठरल्या दिवशी जाहीर झाली. मग रक्सौल-वीरगंज नाक्यावर ट्रक अडले ते जवळजवळ पाच महिने. आपली अधिकृत भूमिका अशी होती की, अडथळा नेपाळमधल्या आंदोलकांचा आहे, आम्ही नाकेबंदी केलेली नाही. काठमांडूतल्या गृहिणीला मात्र गॅसचे सिलिंडर अर्धेच भरून मिळत होते, आणि त्याच वर्षी एप्रिलच्या भूकंपानंतर काही तासांत पोहोचलेल्या भारतीय विमानांची आठवण त्या अर्ध्या सिलिंडरने पुसून टाकली. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. हात दाखवून अवलक्षण याहून वेगळे काय असते? येथे मागणी मान्य करणे नेपाळच्या हातात होते, आणि आपण काही मागत आहोत हेच आपण नाकारत असल्यामुळे थांबायचे कधी हेही जाहीरपणे ठरवता येत नव्हते.

आता दुसरी बाजू, न जाण्याची. २००३ मध्ये अमेरिकेला इराकमध्ये भारताची एक डिव्हिजन हवी होती आणि दिल्लीत तिला अनुकूल मतही बरेच होते. मनोहर जोशी लोकसभेचे अध्यक्ष असताना त्या एप्रिलमध्ये इराकवरील कारवाईविरुद्ध ठराव झाला. त्याच्या हिंदी मसुद्यात 'निंदा' होती आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द. आमच्या धंद्यात असे दुहेरी मसुदे फार कामाचे असतात. वाजपेयी सरकारने जुलैत सैन्य पाठवण्यास नकार दिला, पण दार लावून घेतले नाही: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, असे सांगितले. नकारालाही अट होती, आणि ती आपण घातलेली होती.

मालदीवमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये अध्यक्ष यामीन यांनी आणीबाणी लादून न्यायाधीशांना अटक केली, तेव्हा माजी अध्यक्ष नशीद यांनी भारताने लष्कराच्या पाठबळासह दूत पाठवावा अशी उघड विनंती केली. १९८८ ची आठवण देणारे लेख तेव्हा वृत्तपत्रांतून भरपूर आले. पण तेव्हा मागणी देशाच्या अध्यक्षांची होती आणि आता अध्यक्षांच्या विरोधकाची. भारताने चिंता व्यक्त केली आणि तो थांबला. त्याच वर्षी निवडणूक व्हायची होती. सप्टेंबरमध्ये ती झाली आणि यामीन हरले. निकाल उलटा लागला असता तर हाच संयम भेकडपणा ठरला असता हे मी मान्य करतो. तरीही थांबण्याला एक तारीख होती, म्हणून ते थांबणे धोरण होते. पाच वर्षांनी 'भारतीय सैन्य परत जावे' या प्रचारावर मुइझू निवडून आले, तेव्हा तेथली हेलिकॉप्टरे आणि डॉर्नियर विमान सांभाळणारे थोडे सैनिकही आपण मे २०२४ पर्यंत काढून घेतले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ नेमले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुइझू दिल्लीला आले आणि चाळीस कोटी डॉलरच्या चलन-अदलाबदलीचा करार करून गेले.

अशी तारीख नसलेले थांबणे म्यानमारमध्ये दिसते. १९८८ च्या उठावानंतर भारताने लोकशाहीवाद्यांची बाजू घेतली, १९९३ पासून लष्करी राजवटीशी बोलणी सुरू केली, आणि २०२१ च्या सत्तापालटानंतर पुन्हा दोन्हींच्या मध्ये उभे राहण्याची वेळ आली. सीमा १,६४३ किलोमीटर लांब असल्यामुळे पळून आलेली माणसे मिझोराममध्ये पोहोचतातच. केंद्राने त्यांना थोपवायला सांगितले आणि मिझोरामने आपल्या भाईबंदांना आसरा दिला. येथे दिल्ली कशाची वाट पाहत आहे, हे मला अनेक वर्षे विचार करूनही नीट सांगता येणार नाही.

तेव्हा पंचशील आणि १९७१ ही जुळतात का? तत्त्व म्हणून नाही जुळत, आणि पाठ्यपुस्तकांनी तसे कबूल करावे. कौटिल्याने सहा गुणांत, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा मार्गांत, 'आसन' म्हणजे स्वस्थ बसणे हाही एक स्वतंत्र उपाय मोजला आहे, पण तो बळाबळ पाहून करायचा उपाय म्हणून. त्याच्याकडे स्वस्थ बसणे हे पुण्य नाही आणि चाल करणे हे पापही नाही. दिल्लीचा प्रत्यक्ष व्यवहार पंचशीलापेक्षा याच्या जवळचा राहिला आहे.

श्रीलंकेच्या बाबतीत तर आपण दोन्ही टोके पाहून झालो. २०२२ मध्ये तो देश दिवाळखोर झाला तेव्हा भारताने इंधन, औषधे, कर्ज आणि हप्त्यांची सवलत मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची मदत दिली आणि एकही सैनिक पाठवला नाही. १९८७ च्या करारातून जन्मलेली श्रीलंकेच्या घटनेतली प्रांतांना अधिकार देणारी तेरावी दुरुस्ती आजही कायम आहे, आणि ती पूर्णपणे अमलात आणा असे भारत कोलंबोला आजही सांगतो. त्या दुरुस्तीखालच्या उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक व्हायला २०१३ साल उजाडले. तिची मुदत २०१८ मध्ये संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे पुढची निवडणूकच झाली नाही.